कुठला हात सोयीचा?

प्रिय धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू “बरं, बघू” म्हणतेस आणि मला कटवतेस, म्हणून या वेळी कागद घेतला. कागदाला कटवता येत नाही, फार तर उशीखाली ठेवता येईल. अक्षर वाकडंतिकडं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. स्टुडिओतलं पेन आहे, मातीनं माखलेलं, त्याच्याकडून किती अपेक्षा करायच्या?

तू लेकाकडे गेलीस त्याला आठ महिने झाले. भाचा सांगतो, आई मजेत आहे, दिवसभर टीव्ही बघते. तू आणि टीव्ही! पंधरा मिनिटं एका जागी बसायची नाहीस कधी, आणि बसलीस तर कुंभाराच्या चाकापुढे. कुणाला बनवता गं?

स्टुडिओ बरा चाललाय. आधी इथं लाँड्री होती तेव्हाचे भिंतीवरचे हूक अजून तसेच आहेत आणि एप्रन अजूनही त्यांच्यावरून घसरून खालीच पडतात. तिसरं चाक पुन्हा कुरकुरतंय. चौथं मात्र सुतारानं उंच करून दिलं, व्हीलचेअर सरळ आत शिरते. त्यामुळे आपली शिवणकामवाली आता कडेला बसून मातीच्या चिमण्या वळत नाही, चांगली हातभर रुंद ताटं काढते आणि दुसऱ्यांना नावं ठेवते. आपला टेलिफोन ऑपरेटर डोळ्यांनी दिसत नसतानाही सगळ्यांच्या आधी माती चाकाच्या मध्यावर आणतो आणि मग, बाकीच्यांना काय दिसतं कोण जाणे, असं मोठ्यानं म्हणतो. त्याला कोणीतरी आवरायला हवं. मला जमत नाही, कारण मला हसू येतं.

तुझा नियम आम्ही पाळतो. नवा माणूस आला की त्याला काय झालंय, कधीपासून झालंय, हे विचारायचं नाही. एप्रन द्यायचा आणि एवढंच विचारायचं, कुठला हात सोयीचा? एका हाताच्या ड्रायव्हरलाही तू तेच विचारलं होतंस, आठवतंय? तो इतका हसला की त्याला एप्रन बांधायला दोघं लागले. मी विचारलं की मात्र हजेरी घेतल्यासारखं वाटतं म्हणे. चाळीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढलेल्या बाईचा आवाज आणखी कसा निघणार? तू विचारायचीस तेव्हा माणूस खरोखर विचार करून उत्तर द्यायचा.

आता त्या दुपारचं लिहिते. आपण दोघींनी तो विषय टाळून टाळून गुळगुळीत केलाय. तू दहा जणांना कप करून दाखवत होतीस. तुझे हात थरथरतात हे मला महिनाभर कळत होतं, तू लपवत होतीस आणि मी तुला लपवू देत होते. त्या दिवशी कपाची भिंत लाटेसारखी हलली. तू सावरायला गेलीस, ती आणखी हलली. मी मोरीत स्पंज धूत होते, ते टाकून आले, चाकाचं बटण बंद केलं आणि तुझ्या कानात म्हणाले, “पुरे आता, लोक बघताहेत.” मला वाटलं, मी तुला वाचवलं. तू हात धुतलेस, एप्रन हुकाला लावलास, हा कप भिजवणीच्या टबात टाक म्हणालीस आणि गेलीस ती गेलीसच. लोक बघायलाच तर आले होते गं. शिकणारी माणसं दुसरं काय करणार?

तो कप मी टबात टाकला नाही. तू मला शंभरदा सांगितलंयस, कच्चं भांडं पाण्यात गेलं की दोन दिवसांत त्याची पुन्हा माती होते आणि एकदा भाजलं की होत नाही. मी तो तारेनं चाकावरून सोडवला आणि वरच्या फळीवर बादल्यांच्या मागे लपवला. दोन महिन्यांनी भट्टीवाल्या मामांच्या हाताला तो लागला. कोणाचा, काय करायचं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, भाजा. मातीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण हुकूम सोडायची सवय कामी आली.

आणि आता त्या एका कपावरून भांडणं आहेत! ऑपरेटरनं एकदा त्यातून चहा घेतला आणि सोडायलाच तयार नाही. बाकीचे कप गुळगुळीत, निसटतील म्हणून भीती वाटते, याच्या लाटांत बोटं बरोबर बसतात, असं त्याचं म्हणणं. शेवटी मी भिंतीवर पाळ्या लिहून लावल्या. बाकीच्यांनी तसे करायचा प्रयत्न केला. चांगले हात असलेली माणसं मुद्दाम हात हलवत बसली होती, अंगात आल्यासारखी. एकेक कप चेपलेल्या डब्यासारखा निघाला. सगळे टबात गेले, मीच टाकले.

ऑपरेटरच्या पोटात काही राहतं का? तो कप त्यानं आपल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेऊन दाखवला. तिथून एकेक करत पाच जण आले, पाचही जणांचे हात थरथरणारे. त्यात एक म्हातारे घड्याळजी आहेत. आयुष्यभर केसाएवढे स्क्रू बसवले आणि आता शर्टाचं बटण सून लावते, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. तुझा कप त्यांनी खूप वेळ हातात फिरवला. मग म्हणाले, “या बाई शिकवतात का?” मी म्हणाले, हो, सोमवारी सकाळी दहाला. धडधडीत थाप मारली. फळ्यावर तुझं नावही लिहून टाकलंय आणि खाली शिकणाऱ्यांच्या सहा खुर्च्या मांडल्यात.

पाच जणांना सहा खुर्च्या कशाला, हे तू विचारणारच. उगाच त्या पेनाला बदनाम केलं बघ, पेन चांगलं आहे. तीन महिने झाले. आधी चमचा बशीवर वाजायला लागला, मग नोंदवहीत माझीच सही मला ओळखू येईना. डॉक्टरीणबाईंनी तुला जे सांगितलं तेच मला सांगितलं. भाच्याजवळ अजून बोलले नाहीये, आधी तुला. त्या दिवशी लोकांची लाज तुला नव्हती, मला होती. माझं चुकलं, धाकटे. गेल्या आठवड्यात सगळे गेल्यावर मी एप्रन बांधला आणि पहिल्यांदाच चाकापुढे जाऊन बसले. मातीचा गोळा समोर, बटण पायाशी, आणि मला कोणी काही विचारलंच नाही. दहा मिनिटं तशीच बसले आणि उठले. तू सोमवारी ये. माझ्या शेजारी स्टूल ओढून बस आणि सगळ्यांना विचारतेस तसं मलाही विचार, कुठला हात सोयीचा. मी विचार करून उत्तर देईन.

तुझीच,
सहाव्या खुर्चीतली ताई