पहाटेची किक

३ फेब्रुवारी १९५६, शुक्रवार

सदतीस किक! मोजल्या मी. सदतिसाव्याला मेलीनं उलटा झटका दिला आणि नडगी सोलली. फटफटी सुरू झाली ती उजाडल्यावर, तेव्हा रेवसहून मुंबईला जाणारी पहिली लाँच सुटून गेली होती. दोन पाट्या कोळंबी ओल्या गोणपाटाखाली तशीच. शेवटी आये ती डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजाराला चालत गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

४ फेब्रुवारी

आजही तेच. तीस-बत्तीस किक. मग मोजायचं सोडलं.

बाबा ओसरीवर जाळं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "शिमग्यापर्यंत बघतो. मंग गाडी इकायची आनि होरीवर यायचं. धर्मा कोल्याचा पोर किनाऱ्यावर लाता मारत बसलाय, लोक हसतान."

हसू देत लोक! मला होडीवर जायचं नाही. मला बोट लागते. कोळ्याच्या पोराला बोट लागते! चार फेऱ्या केल्या आणि चारही वेळा आतडी बाहेर येतात की काय असं झालं. जाळं ओढायच्या वेळी मी तळाशी आडवा. म्हणून तर दिवाळीत लष्कराच्या लिलावातली ही जुनी फटफटी आणली. लोकांची मासळी पहाटे थळहून रेवसला पोचवायची, लाँचीवर चढवायची. धंदा चांगला आहे. फक्त हिनं सुरू व्हायला पाहिजे ना!

७ फेब्रुवारी

रात्रीच प्लग काढून घासला. पहाटे चुलीच्या निखाऱ्यावर तापवला, चिमट्यानं धरून पळत नेला, बोटं भाजली. तरी एकोणतीस. शेवटी भागोजीकाकांनी ढकललं. ते बाबांच्या होडीवरचे जुने सोबती, या वयातही गाडी ढकलायला धावले. लाँच धक्का सोडते न सोडते तोच पाट्या आत फेकल्या.

आणि परत येताना? एका किकेत! नुसता पाय ठेवला तर धडधड. थंड असली की रुसते, तापली की गुणाची. मला हिचा गळा दाबावासा वाटतो, पण गळा कुठला?

११ फेब्रुवारी

अलिबागला तुकाराम मिस्त्रीकडे ढकलत नेली. मुद्दाम थंड ठेवली. दुपारचं ऊन, चार मैल, मी घामानं निथळतोय. मिस्त्रीनं विडी तोंडात ठेवूनच एक किक मारली आणि सुरू! पाच-सहा जण बघत होते. मिस्त्री म्हणतो, "गाडीला काय झालंय? तुझ्या पायात जोर नाही." फुकटची शोभा!

तरी जाताना नवा प्लग दिला. म्हणाला, समुद्राजवळ दव फार पडतं, झाकून ठेव.

१५ फेब्रुवारी

चाळीस. लाँच गेली.

१९ फेब्रुवारी

बाबांचं जुनं शीड मागून घेतलं, त्यानं गाडी चाकापर्यंत गुंडाळली. वर दोरी. पहाटे सोडून बघतो तर आत मशीन ओली! पार थेंब ओघळतायत. शीड मात्र वरून कोरडं. असलं कसलं दव? माझं डोकं चालेना. पुसली, किक मारल्या, शिव्या दिल्या. शेजारच्या मनुबाई दारात येऊन म्हणाल्या, "कान्हा, सकाल सकाल देवाचं नाव घ्यावं." घेतलं. त्यानंही सुरू झाली नाही.

२७ फेब्रुवारी

सुरू! काल दुसऱ्या किकेला, आज पहिल्या! आये दोन दिवस वरसोलीला मामाकडे गेली आहे, तिला दाखवायला ती नेमकी घरात नाही. शेवटी नव्या प्लगनं गुण दाखवला. तुकाराम मिस्त्री देवमाणूस.

२९ फेब्रुवारी

कसला देवमाणूस! आज पुन्हा मेलेली. पाना वाळूत भिरकावला. मग अर्धा तास तोच शोधत बसलो.

आये म्हणाली, "धीर धर रं." धीर कुठून आणू?

८ मार्च

आजही लाँच चुकली. मासळी देणारे दोघे आता दुसऱ्याकडे जाणार म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं. बाबा जेवताना म्हणाले, "अठरा दिस ऱ्हायले." मी ताट सारलं आणि गाडीपाशी गेलो.

१२ मार्च

सापडलं! आणि काय म्हणू आता, हसू की रडू!

आज नेहमीपेक्षा आधीच जाग आली. बाहेर आलो तर आये गाडीपाशी. शीड वर केलेलं, हातात तांब्या. गाडीवर पाणी ओततेय! टाकीवर, मशीनवर, प्लगवर, सगळीकडे.

"आये! काय करतेस?"

ती दचकली. "तुज्या बाबाच्या होरीला घालते तसंच. होरी निघायच्या आधी नालीवर, तिच्या तोंडावर, पानी घालायचं, मंग ती मानूस परत आनते. बत्तीस वर्सं घालते. हिचं तोंड कुठलं ते मला कलत न्हाय, म्हून सगलीकडं घालते."

"पण कसलं पाणी हे?"

"दर्याचंच की! तुज्यासाठी खाली जाऊन भरून आनते."

बोट लावून चाखलं. खारं! खारं पाणी मॅग्नेटोत! ठिणगी पडणार कुठून? डोक्यात सणक गेली. नाही नाही ते बोललो. "तुझ्यामुळे गेला माझा धंदा," असंसुद्धा. आये तांब्या घेऊन आत गेली.

फडक्यानं सगळं कोरडं केलं, झाकण उघडून फुंकलं. दुसऱ्या किकेत सुरू. अर्धा तास आधी रेवसला. पण धक्क्यावर उभा राहिलो तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. बाई रोज अंधारात खडकावरून उतरून पाणी आणते, मी परत यावं म्हणून. आणि मी काय बोललो!

१३ मार्च

पहिल्या किकेला. आये गाडीपाशी फिरकली नाही.

१४ मार्च

आज आपणहून आली. पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "चाकाला घातलं तर चालंल?"

म्हटलं, चालेल. कितीही घाल. मग तिनं भाकरी वाढली आणि वर तळलेला बोंबील.

२२ मार्च

सलग अकरा दिवस लाँच गाठली. गेलेले दोघेही परत आले.

संध्याकाळी बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले. म्हणाले, "ठेव तुजी गाडी. होरीवर येऊ नको." एवढंच, आणि किनाऱ्याकडे गेले. मी तिथंच नाचायचा बाकी होतो! सुटलो! जन्मात पुन्हा होडीवर पाय ठेवणार नाही.

२६ मार्च, होळी

होळीपाशी भागोजीकाका थोडी घेऊन आले होते. मी माझीच चेष्टा करत होतो, की कोळ्याच्या घरात बोट लागणारा मी पहिलाच. काका हसले नाहीत. जवळ ओढून म्हणाले, "पैला? तुजा बाप अजून खांदेरीचं बेट मागं पडेस्तोवर ओकतो. बत्तीस वर्सं. रोज. आमी तोंड फिरवून बसतो, त्याला बरं वाटावं म्हून. घरात कुनाला सांगू नको."

बाबा समोरच उभे होते, होळीत नारळ टाकत. मला त्यांच्याकडे बघवेना.

उद्या धुळवड. परवा पहाटे ते पुन्हा होडीवर जाणार आहेत, आणि मला मात्र येऊ नको म्हणाले.