फेस बसेपर्यंत

लिपोवेत्स,
सोमवार, ४ मार्च

नेवेंकाबाईंना नमस्कार.

मांजर मी देणार नाही, एवढं सांगण्यासाठी हे पत्र लिहावं लागतंय.

तुमचं पत्र शुक्रवारी नगरपालिकेमार्फत माझ्या हाती आलं. येत्या शनिवारी तुमचा मुलगा शिमे गाडी घेऊन येणार आहे आणि त्याच्याकडे तुमच्या भावाची राख, त्याचं सामान आणि मांजर द्यावी, असं तुम्ही लिहिलं आहे. राख नगरपालिकेत आहे, ती शिमेलाच मिळेल. सामान मी बांधून ठेवते. मांजर मात्र याच घरात जन्मली, सात वर्षांची आहे, समुद्र तिला माहीत नाही आणि इतका लांबचा प्रवास तिला सोसणार नाही. तेव्हा तो विषय इथे संपला.

इकडे सर्व ठीक. रस्त्यावरचा बर्फ गेला. तुमच्याकडे बदामाला फुलं आली असतील. मार्च लागला की फ्राने रोज सकाळी हेच वाक्य बोलायचा. आपली प्रकृती उत्तम असावी.

माझ्या लिहिण्यात चुका असतील. मी रसायनशास्त्र शिकले, भाषा नाही. तुमची भाषा मी स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता शिकले, त्यामुळे भाज्यांची नावं बरोबर येतील. बाकीचं सांभाळून घ्या.

शेवट कसा झाला ते तुम्ही विचारलंय. गुरुवारी, ८ फेब्रुवारीला, दुपारी साडेचार ते पाचच्या दरम्यान, आमच्या चौकातल्या पबमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदय थांबलं. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. पबचा मालक वेंदेलीन याने प्रथम पाहिलं. मी तिथे होते. याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

बुधवार

पत्र अजून टाकलेलं नाही. सामान आवरत होते.

त्याची खोली वरच्या मजल्यावर होती. १९९३ साली तो आमच्या बिअरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. नळ, झडपा, पंप, सगळं त्याच्याकडे. मी प्रयोगशाळा बघायचे. २००१ मध्ये कामगारांची वसाहत पाडली, तेव्हा माझी वरची खोली रिकामी होती, ती त्याला दिली. शिमेला ती खोली बघायची असेल तर जरूर बघू दे, पण तिथे त्याला सफरचंदांच्या पेट्या दिसतील. २००५ पासून तिथे सफरचंदंच आहेत.

कपडे फार नाहीत. दोन कोट, चांगले बूट एक जोड, तुम्ही पाठवलेला निळा स्वेटर. हत्यारांची पेटी जड आहे, शिमेला म्हणावं, पाठ सांभाळून उचल. एका डब्यात आगगाडीची जुनी तिकिटं आहेत, ती टाकून देणार होते, पण ठेवली. दर उन्हाळ्यात आम्ही कुठे ना कुठे जायचो. पोलंड, लिथुआनिया, एकदा फिनलंडपर्यंत. नेहमी उत्तरेला. मी डब्यात तळलेले कटलेट आणि पाव घ्यायचे, इथे सगळेच घेतात, आणि तो दर वेळी म्हणायचा, "तुम्ही लोक गाव बघायला निघता की वेढ्यात सापडायला?" आणि पहिलं स्टेशन मागे पडायच्या आत दोन कटलेट खाऊन मोकळा. दक्षिणेला जाऊ या असं तो तीस वर्षांत एकदाही म्हणाला नाही. आईच्या अंत्यविधीलाही आला नाही म्हणून तुमचा राग होता, हे मला माहीत आहे. त्या दिवशी तो कारखान्यात गेला आणि चांगला चालणारा एक पंप पूर्ण खोलून परत जोडला. मी खिडकीतून पाहत होते. आमच्यात बोलण्याची पद्धत नव्हती.

गेल्या वर्षी तुम्ही दोघं पुन्हा एकमेकांना लिहू लागलात, त्याचा मला आनंद झाला होता. हे नोंदवून ठेवते.

शुक्रवार

उद्या शिमे येणार. आता हे पत्र टपालात टाकण्यात अर्थ नाही, त्याच्याच हाती देईन. मग पूर्ण तरी लिहावं.

तुमच्या बेटावर वाईन पितात, म्हणून इथली रीत सांगते. आमच्या पबमध्ये बिअर मागावी लागत नाही. पेला रिकामा झाला की मालक न विचारता भरलेला आणून ठेवतो. नको असेल तर पुठ्ठ्याची चकती पेल्यावर ठेवायची. आणि पेल्यात बिअर शिल्लक असेल तर त्या माणसाच्या वाटेला जायचं नाही. तो विचार करत असेल, झोपला असेल, बायकोवर चिडला असेल, त्याचं तो बघून घेईल. अर्धा पेला म्हणजे लावलेलं दार.

फ्राने रोज चारला जायचा, मांजर कोटात घालून. तो तिला तुमच्या भाषेत बाईसाहेब म्हणायचा. मी मागून सव्वाचारपर्यंत पोहोचायचे. वेंदेलीनचं रोजचं ठरलेलं असायचं : "काय फ्राने, आज कोणत्या बाईसाहेब? चावणाऱ्या की ओरबाडणाऱ्या?"

"ओरबाडणारी कोटात आहे. चावणारी मागून येतेय, हळू बोल."

"मी ऐकतेय," असं मी दारातून म्हणायचे. मग वेंदेलीन "या, इंजिनियरबाई" म्हणून माझी खुर्ची पुसायचा. ती खुर्ची स्वच्छच असायची.

८ तारखेला दुपारी जेवण झाल्यावर फ्रानेने टेबलावर एक पाकीट ठेवलं. तुमच्याकडच्या झादरच्या बसची तिकिटं, १६ मेची.

"दोन आहेत," मी म्हणाले.

"मोजता येतं तुला."

"तू जा. बहिणीला भेटून ये. मला जमायचं नाही, मांजरीचं कोण बघणार?"

"मांजरही नेऊ. नेवेंकाला लिहिलंय मी."

"काय लिहिलंयस? मी कोण म्हणून जाऊ तिच्या दारात?"

तो हसला. मला त्याचं हसणं नको होतं. "द्राहा, बहात्तर वर्षांची झालीस तू. आता कोण म्हणून विचारतेस?"

"घरमालकीण भाडेकरूबरोबर समुद्रावर जात नाही," मी म्हणाले.

त्याने कोट घातला, बाईसाहेबांना उचललं आणि गेला. मी भांडी घासली. एरवी भांडी तो घासायचा.

मी पबमध्ये गेले तेव्हा तो नेहमीच्या जागी, शेगडीजवळ, भिंतीला टेकून बसला होता. टोपी डोळ्यांवर. मी त्याच्या टेबलाशी गेले नाही. पलीकडच्या टेबलाशी बसले आणि पेपर उघडला. वेंदेलीनने माझ्यासाठी बिअर आणली, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "इंजिनियरबाई, आज लढाई का?"

"तुमचं काम करा," मी म्हणाले.

त्याने केलं. फ्रानेचा पेला अर्धा होता, म्हणून तो तिकडे गेला नाही. त्याची चूक नाही. इथे कोणीच गेलं नसतं.

नेवेंकाबाई, मी एकतीस वर्षं बिअरचा फेस मोजला. माझं कामच ते होतं. पेला भरायचा, घड्याळ लावायचं आणि फेस किती वेळ टिकतो ते लिहायचं. पाच मिनिटांपेक्षा कमी टिकला तर ती बिअर बाहेर जाऊ द्यायची नाही. मग भांडणं व्हायची आणि ती मी जिंकायचे. फ्रानेला हे सगळं माहीत होतं. फेस जिवंत आहे तोवर पेला संपला पाहिजे, फेस बसलेली बिअर म्हणजे मला शिवी, असं तो म्हणायचा. इतक्या वर्षांत त्याने माझ्यासमोर एकदाही फेस बसू दिला नाही.

चार पस्तीसला मी पेपरवरून वर पाहिलं. त्याच्या पेल्यातला फेस बसलेला होता. पूर्ण. काचेला एक कडा उरली होती, तीही सुकलेली. वीस मिनिटं तरी कोणी तो पेला तोंडाला लावलेला नाही, हे मला पेला पाहून कळलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मला कळलं.

मला वाटलं, मुद्दाम करतोय. मला दाखवण्यासाठी.

मी पेपर वाचत राहिले. पेपरात काय होतं ते आता आठवत नाही.

पाचला वेंदेलीन शेगडीत लाकूड टाकायला वाकला, तेव्हा त्याचा हात फ्रानेच्या हाताला लागला. पुढचं सगळं नीट झालं. दवाखान्याची गाडी लवकर आली. डॉक्टर तरुण होते. मला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते वेंदेलीनला म्हणाले, "अर्धा तास आधी कळवलं असतं, तर बघता आलं असतं." माझे कान चांगले आहेत. मग त्यांनी कागद काढला आणि मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

मी म्हणाले, "घरमालकीण."

त्यांनी तसं लिहिलं. वेंदेलीन माझ्याकडे बघत उभा राहिला, पण त्यानेही दुरुस्ती केली नाही. त्यामुळे फ्रानेचं घड्याळ, चष्मा आणि राख नगरपालिकेत गेली आणि कळवायचं ते तुम्हाला कळवलं. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे. दहनाच्या वेळी मी तिसऱ्या रांगेत बसले. पहिल्या दोन रांगा रिकाम्या होत्या.

त्यानंतर मला विशेष काही वाटत नाही. जेवते, झोपते. साडेसहाला उठून दोन कप कॉफी करते आणि एक मोरीत ओतून देते. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण तुम्ही त्याच्या बहीण आहात.

अजून एक राहिलं. ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

मांजर पबमध्ये कधीही त्याच्या मांडीवरून उतरायची नाही. कुत्री येवोत, भांडणं होवोत, नाही. त्या दिवशी चार पस्तीसच्या थोडं नंतर ती खाली उतरली, माझ्या टेबलाखाली आली आणि माझ्या बुटांवर बसली. आवाज केला नाही. नुसती बसली. मी तिला पायाने सरकवलं. म्हणाले, "जा. त्याच्याकडे जा." ती उठली, परत आली. मी परत सरकवलं.

दोनदा.

आता ती रोज माझ्या बुटांवर बसते. मी तिला हलवत नाही. म्हणून मांजर देणार नाही असं लिहिलं होतं.

शनिवार, ९ मार्च

शिमे सकाळी नऊला आला. मी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेरच उभा. मान थोडी डावीकडे कललेली, फ्रानेची असायची तशीच.

"मामी ना तुम्ही?" त्याने विचारलं.

मी म्हणाले, "बूट काढून आत या."

त्याला कॉफी दिली. आज दुसरा कप मोरीत ओतावा लागला नाही. नगरपालिकेत तो आधीच जाऊन आला होता, राखेचा डबा गाडीत होता. मी म्हणाले, सामान तयार आहे, मांजर मिळणार नाही, कारण पत्रात लिहिलं आहे. तो गोंधळला. म्हणाला, "मामी, आईला मांजर कशाला हवी? आमच्या अंगणात अकरा आहेत. एकेक करून धरून देतो, हव्या तेवढ्या न्या."

"मग मागितली का?"

त्याने खिशातून फ्रानेचं पत्र काढून दिलं. तुमच्याकडे आलेलं, जानेवारीतलं. तुम्ही ते त्याच्याबरोबर पाठवलंत, ते मुद्दाम की सहज, मला माहीत नाही. मी उभ्यानेच वाचलं. तुम्हाला ते पाठ असेल, तरी त्यातल्या तीन ओळी इथे उतरवते, कारण पत्र मी त्याला परत दिलं आहे : "द्राहा यायला नाही म्हणेल आणि मांजरीचं निमित्त सांगेल. तू आधी मांजर मागून घे. मांजर तिथे पोहोचली की तिच्याकडे निमित्त उरणार नाही, मग ती येईल."

अक्षर त्याचंच होतं. मी घडी घालून दिलं.

"गाडीत जागा आहे, मामी," शिमे म्हणाला. "पुढची सीट तुमच्यासाठीच रिकामी ठेवलीय."

"आज नाही. कपडे वाळत घातलेत."

"वाळेपर्यंत थांबतो की."

"तुझा मामा असाच वाद घालायचा," मी म्हणाले. घरात त्याचा उल्लेख मी त्या दिवसानंतर पहिल्यांदा केला. मग टोपली आणली, तळाशी त्याचा जुना स्वेटर घातला आणि मांजरीला आत ठेवलं. ती ओरडली नाही. कटलेट आणि पाव मी पहाटेच बांधले होते, ते शिमेच्या हाती दिले.

तिला सकाळ-संध्याकाळ खायला द्यावं, दूध देऊ नये, पोट बिघडतं. वाऱ्याला घाबरेल. पहिले काही दिवस कोणाच्या तरी बुटांवर बसू द्यावं.

काय काय दिलं ते खाली लिहिते, म्हणजे नंतर प्रश्न नको.

दिलेल्या वस्तूंची नोंद, शनिवार ९ मार्च, सकाळी पावणेअकरा.

राख, घड्याळ आणि चष्मा नगरपालिकेने परस्पर दिले. माझ्या हातून नाही.

कोट दोन, बूट एक जोड, शर्ट सहा. निळा स्वेटर एक. जुना स्वेटर मांजरीखाली आहे.

हत्यारांची पेटी एक, कुलपासह. किल्ली शिमेच्या खिशात.

आगगाडीच्या तिकिटांचा डबा.

वेंदेलीनच्या पबमध्ये खुंटीवर टांगलेला त्याचा काचेचा मग, नाव कोरलेला. वेंदेलीन स्वतः घेऊन आला. आधी धुतला नव्हता. मी धुतला.

मांजर एक, मादी, सात वर्षं, वजन चार किलो दोनशे ग्रॅम. सकाळी वजन केलं.

१६ मेच्या बसची तिकिटं दोन होती. एक दिलं, एक माझ्याकडे ठेवलं.

घेणार : शिमे. सही केली आहे.

देणार : द्राहोमिरा कोउत्स्का. मृताशी नातं हा रकाना मी रिकामा ठेवला होता. शिमेने त्यात 'मामी' लिहिलं.

खोडलेलं नाही.