मी माती धुतली त्याची हकिगत

प्रिय ताई,

वयाने, मानाने आणि आवाजाने माझ्याहून मोठी असल्याबद्दल तुला शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला शेजारी बोलवावे लागतील.) तुझे गुडघे कसे आहेत? परसातली झाडं काय म्हणतात? आणि ते तुझं केसाळ कार्टं अजून तुझ्या पलंगाखालीच झोपतं ना? मी त्याचीही तब्येत विचारतो आहे हे वाचून तुझा चष्मा घसरला असेल. नीट लाव आणि पुढे वाच. माणूस अडचणीत आला की कुत्र्याचीही विचारपूस करतो.

अडचण अशी आहे की मी आपल्या चिमणीच्या प्रयोगाचं पार वाटोळं केलं. माझ्या पोटच्या पोरीचं काम, तेही माझ्याच हातून. तुला इतरांकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच सांगतो.

तू जिला एकेक घास भरवताना चिमणी म्हणायचीस ती आता जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, हे तुला ठाऊकच आहे. तिचं म्हणणं असं की आपल्या कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची एक वस्तीच असते. (मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लगेच अंघोळ करून आलो.) त्यातले फारच थोडे चोरटे, बाकीचे आपले सज्जन शेजारी, उलट चोरट्यांना हाकलणारे. पूर्वी माणसाचे हात दिवसभर मातीत, पाल्यात असत, तेव्हा ही वस्ती भरलेली असे. आता आपण फरशीवर राहतो, साबणावर जगतो, आणि वस्ती ओस पडते. मग कातडी कोरडी पडणं, खाज, भेगा, हे सगळं त्यामुळेच होत असेल का, अशी शंका आहे. नुसती शंका हं. ती फिटावी म्हणूनच हा प्रयोग. आणि त्यासाठी तिने आमची इमारत निवडली, कारण इथे सगळे निवृत्त, सगळे फरशीवाले आणि सगळ्यांना खाज. माझ्या हातांची दशा तर तू पाहिलीच आहेस. जन्मभर लॉन्ड्री चालवली. सोडा, साबण, नीळ आणि खळ यांनी बोटांच्या पेरांना ज्या भेगा पाडल्या त्या अजून बुजलेल्या नाहीत.

तर प्रत्येक घरात तिने जंगलातल्या मातीचा एक डबा दिला. रोज सकाळी मातीत हात घालायचे, कणीक मळावी तशी मळायची, मग नुसत्या पाण्याने हात धुवायचे. आठवड्याने ती येऊन तळहातावरून कापसाचा बोळा फिरवून नेणार आणि वस्ती कितपत वाढली ते बघणार. हाताला साबण लावायचा नाही, हे तिने मला दारातून जाता जाता तीनदा बजावलं. आणि ताई, तुझ्या गळ्याची शपथ, मी हाताला साबण लावला नाही. मातीला लावायचा नाही असं ती कुठे म्हणाली होती?

आता माझी बाजू ऐक. डबा उघडला तर आत कुजकी पानं, मुळांचे गुंते, कसलासा भुगा, आणि मधोमध एक गांडूळ, मीच त्याच्या घरात शिरल्यासारखं अंग आक्रसून बसलेलं. लेकीने एवढ्या हौसेने दिलेली वस्तू, आणि ती अशी मळकी! समोर मळकी वस्तू आली की माझ्या हातांना कोणी सांगावं लागत नाही, ते आपोआप कामाला लागतात. गांडुळाला मी सन्मानाने समोरच्या नर्सबाईंच्या कुंडीत पोचवलं. माती आधी चाळली. मग ऊन पाण्यात सोडा घालून भिजवली, साबणाने खंगाळली, आणि वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुतली. धुता धुता निम्मी पाण्याबरोबर गेली आणि मोरी तुंबली (तो एक स्वतंत्र अध्याय आहे, नळदुरुस्तीवाला अजून माझ्याकडे बघून मान हलवतो), पण उरली ती काय सुंदर माती होती म्हणून सांगू! ती जुन्या चादरीवर वाळवली. तरी मनात शंका राहिली, म्हणून कढईत मंद आचेवर शेंगदाण्यांसारखी खरपूस भाजून घेतली. इस्त्री फिरवण्याचाही विचार आला होता, पण म्हटलं, अति तिथे माती.

इथवर नुकसान एकट्या माझंच होतं. पण नर्सबाई गांडुळाबद्दल जाब विचारायला म्हणून आल्या आणि डबा बघून थक्कच झाल्या. जन्मभर जखमांवर पट्ट्या बांधलेली बाई ती, तिला स्वच्छतेची किंमत कळते. म्हणाल्या, "भाऊ, माझीही धुऊन द्या ना." मग वरच्या मजल्यावरचे शिंपी आले. मग त्यांनी सांगितलं म्हणून सगळेच आले. लॉन्ड्री बंद केल्यापासून कोणी माझ्या दारात असं काही घेऊन उभं राहिलं नव्हतं, ताई. मी डब्यांना जुन्या सवयीने खुणेच्या चिंध्या बांधल्या, म्हणजे अदलाबदल नको. धुलाई फुकट. किती दिवसांनी दुपारची झोप आली नाही आणि आठवणही झाली नाही तिची. दर आठवड्याला चिमणी बोळे फिरवून जायची, आम्ही सगळे ओळीने हात पुढे करायचो, आणि नर्सबाई माझ्याकडे बघून हळूच हसायच्या. चिमणीला खूश करण्यासाठी आमचं गुपित चाललं होतं!

तपासणीत काहीच सापडेना. सबंध इमारतीच्या हातांवर वस्ती वाढायचं नाव नाही. मग एक दिवस चिमणी तिच्या मोठ्या बाईंना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, घेऊन घरी आली. मोठ्या बाईंनी माझा डबा उघडला, चिमूटभर माती बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि विचारलं, "ह्याला लिंबाचा वास कसा काय?" मी अभिमानाने म्हणालो, "साबण उत्तम प्रतीचा आहे."

ताई, मोठ्या बाईंनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं आणि चिमणीकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, भाजण्याच्या आचेसकट. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या आणि तोंडाला रुमाल लावून हलायला लागल्या. मला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या. शेवटी डोळे पुसून त्या म्हणाल्या की हे काही धरता येणार नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि ह्या वेळी माती जिवंत हवी. चिमणी मात्र हसली नाही. उठून बाल्कनीत गेली.

बाल्कनीत तुझ्या भावजयीच्या कुंड्या आहेत. ती गेल्यावर झाडं मला जगवता आली नाहीत, म्हणून मी कुंड्या रिकाम्या करून, घासून, पेले पालथे घालावेत तशा ओळीने पालथ्या घातल्या आहेत. त्यांच्यापाशी चिमणी बसली होती. मी म्हणालो, "रागाव बाई, पण बोल." तिने माझे हात हातात घेतले आणि मी कॉलर बघायचो तसे उलटसुलट करून पाहिले. म्हणाली, "बाबा, ह्या भेगा बघूनच मला हा प्रयोग सुचला होता." एवढं बोलून तिचे डोळे भरून आले आणि त्याच दमात तिला हसूही फुटलं. "भाजली? खरंच भाजलीस?" असं विचारत ती कितीतरी वेळ हसत होती आणि मी तिथेच उभा राहून नाक पुसत होतो. आईसारखीच आहे, रागवायला बसते आणि मधेच हसते.

मग तिने एक गोष्ट सांगितली. एका घरात राहणाऱ्या माणसांच्या अंगावरचे हे जीव एकमेकांकडे जातात येतात, म्हणून घरच्यांची वस्ती थोडीफार सारखी होत जाते. मी विचारलं, "मग तुझ्या आईचे माझ्या हातावर असतील की थोडे?" तिने माझा हात उलटा करून पुन्हा पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आता नसतील. आणि तू घर केवढं पुसतोस." मला फार वाईट वाटलं, ताई. तपासणीत काही सापडलं नाही म्हणून नव्हे. त्या दिवसापासून मी कपाटातली तुझ्या भावजयीची शाल धुतलेली नाही. दर महिन्याला धुवायचो.

असो. पत्र लांबलं. प्रकृतीला जप, गोळ्या वेळेवर घे, आणि माझ्यावर हसून झालं की उत्तर पाठव.

तुझा, साबणासकट,
धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. तुझ्या परसात तू कधी खत-औषध मारलं नाहीस, पाला पडतो तिथेच कुजतो. (मी त्यावरून तुला किती बोललो आहे!) चिमणी म्हणते, तशीच माती हवी. थोडी पाठवशील का?

ता. क. २. चिमणीला विचारलं. पार्सलात बंद होऊन माती गुदमरते म्हणे. सोबत कोणीतरी माणूस हवं, वाटेत पिशवीचं तोंड उघडून बघणारं. असं माणूस आपल्या घराण्यात तू एकटीच.

ता. क. ३. आलीस की परत जायची घाई करू नकोस. आतली खोली रिकामी आहे. कुंड्या मी सरळ करून ठेवल्या आहेत, घासलेल्या नाहीत. चिमणी हल्ली रोज येते, पण संध्याकाळी आपल्या घरी जाते, आणि मग ह्या हातांवर माझ्याशिवाय कोणी नसतं.

ता. क. ४. कार्ट्यालाही आण. मागच्या वेळी त्याला दाराबाहेर बसवलं होतं, ह्या वेळी थेट आत. आणि निघताना त्याला अंघोळ घालू नकोस.