गृहभेटीचा सराव

९ सप्टेंबर, मंगळवार

सुनेला आज कळलं की लहान मुलांशी बोलायचं असतं!

क्लासवरून आली ती थेट स्वयंपाकघरात. "आई, अनिका काही बोलली ना, की लगेच रिस्पॉन्ड करायचं. मग थांबायचं. आता तिचा टर्न." मी भेंडी चिरत होते. म्हटलं, बरं. एकतीस वर्षं निफाड तालुक्यात अंगणवाडी चालवली. पोरं बोलायची आणि मी भिंतीकडे बघत बसायचे, असं वाटतं की काय हिला!

नीलांबरीची आयटीतली नोकरी मार्चमध्ये गेली. आता म्हणे पुन्हा कॉम्प्युटर नको, लहान मुलांमध्ये काम करायचं. नेमकं कोणतं, ते ठरत नाही. म्हणून कम्युनिटी कॉलेजचा कोर्स घेतलाय — थोड्या थोड्या दिवसांनी एकेक काम बघून यायचं आणि त्यावर निबंध लिहायचा. तोवर तिची स्वतःची दीड वर्षाची पोर, अनिका, कोणाकडे? मी आहेच. अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा, वीस नोव्हेंबरचं परतीचं तिकीट.

१७ सप्टेंबर

पहिलं काम बघून आली — डेकेअरमध्ये मदतनीस. आधी बोटांचे ठसे दिले, मग रबरी बाहुलीची छाती दाबून जीव वाचवायला शिकली. सहा पोरांमागे एक बाई. सातवं आलं की दुसरी बाई हवी, कायदाच आहे. संध्याकाळी सोफ्यावर आडवी पडून म्हणते, "सहा मुलं म्हणजे किती इंटेन्स असतं, आई, तुम्हाला कल्पना नाही."

नाही ना. माझ्याकडे बेचाळीस होती. मदतनीस एक, आणि ती खिचडीच्या पातेल्यापाशी.

आणखी एक शिकून आली आहे. मुलाचं नाक पुसायच्या आधी त्याला सांगायचं, "मी आता तुझं नाक पुसणार आहे." मी आज अनिकाचं नाक चार वेळा विनापरवाना पुसलं.

२५ सप्टेंबर

आजचा धडा — निरीक्षण. "हट्टी" असं लिहायचं नाही, "मुलीने चमचा तीन वेळा खाली टाकला" असं लिहायचं. जे दिसलं तेवढंच. मग मीही लिहिते. सुनेने कपबशी सिंकमध्ये ठेवली. नळाकडे पाहिलं. वर निघून गेली.

७ ऑक्टोबर

"आई, इथे एक फार वेगळा रोल आहे. लहान मूल असलेल्या फॅमिलीच्या घरीच जायचं! आईशी बोलायचं, मुलाची वाढ बघायची, काही लागलं तर सांगायचं. इतकं ब्युटिफुल कॉन्सेप्ट आहे!"

गृहभेट! अगं बाई, गृहभेट म्हणतात त्याला. आमच्या रजिस्टरला रकाना होता. खांद्याला वजनकाटा, हातात छत्री, आणि दारात कुत्रं. इथे गाडीत खेळण्यांची पिशवी घालून जातात, आणि आधी वेळ ठरवून. आम्ही जायचो तेव्हा बाई कांद्याच्या रानात असायची. मग बांधावर बसून बोलायचं.

पण खरी गंमत पुढे. या कामातल्या अनुभवी व्यक्तीची मुलाखत घ्या, असा गृहपाठ होता. हिने कॅरी नावाच्या गावातली कोणी बाई शोधली. तीन ईमेल. मग झूमवर चाळीस मिनिटं. त्या बाईला सहा वर्षांचा अनुभव. मी पलीकडे मटार सोलत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. सिद्धेशच्याही लक्षात आलं नाही, आणि तो तर माझ्या पोटचा.

मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला काय झालं होतं?

२३ ऑक्टोबर

दिवाळीचा चिवडा संपायच्या आत बातमी. त्या गृहभेटीवाल्या सेंटरने नीलांबरीला नोकरी देऊ केली. डिसेंबरपासून. तीन नोव्हेंबरपर्यंत हो की नाही ते कळवायचं.

सिद्धेश लगेच म्हणाला, "आई, व्हिसा वाढवायचा अर्ज करता येतो. अजून सहा महिने." विचारलं नाही हं, सांगितलं. इथल्या डेकेअरची वेटिंग लिस्ट पुढच्या ऑगस्टपर्यंत आहे. तिच्या माहेरचं कोणी येऊ शकत नाही, तिच्या वडिलांचा गुडघा बदललाय. म्हणजे मी थांबले तर नोकरी, नाहीतर नाही.

स्वतःचं पोर सासूच्या पदरात टाकायचं आणि लोकांच्या घरी जाऊन सांगायचं, बाळाशी बोला हं! वा रे वा. मी म्हटलं, विचार करते. विचार झालेला आहे. वीस तारखेला मी विमानात.

२९ ऑक्टोबर

कोर्सचा शेवटचा गृहपाठ, गृहभेटीचा सराव. घरातल्याच कोणाला तरी "आई" करायचं आणि तिची मुलाखत घ्यायची. "आई, तुम्ही आई व्हाल का?" म्हटलं, झालेय मागेच.

तिने कागद दिला. वय तेवीस, एक मुलगा, कामाला जाते, मूल शेजारणीकडे. मी कंबर कसली. दार उघडलं आणि म्हटलं, "काही विकायला आला असाल तर नको." ती हसली. मी चहा विचारला नाही. टीव्ही बंद केला नाही. अशा बाया मी शेकड्याने पाहिल्यात, मला काय अवघड!

मग तिने विचारलं, "तुम्ही कामावर असता तेव्हा मुलगा कोणाकडे असतो?"

"सासूकडे," मी म्हटलं. कागदावर शेजारीण होती.

"तुम्ही घरी आलात की तो काय करतो?"

"काही नाही. सासूच्या मागे जाऊन उभा राहतो. तिला आई म्हणतो. मला बाई म्हणतो. अंगणवाडीतली सगळी पोरं म्हणतात तसं."

नीलांबरीचं पेन थांबलं. पण मधे बोलली नाही. मग माझं तोंड कुठलं थांबतंय! पोलिओच्या डोसाचा रविवार सांगितला. घरी त्याला ताप होता आणि मी दिवसभर गावातल्या पोरांना थेंब पाजत होते. रात्री कपाळावर हात ठेवला तर त्याने तोंड फिरवलं. तीन वर्षांचा होता.

"तुम्हाला वाईट वाटायचं?"

"रोज," मी म्हटलं.

जिन्यात सिद्धेश उभा होता, हातात लॅपटॉप. कधीपासून, देव जाणे. वर निघून गेला.

३० ऑक्टोबर

सिद्धेशने जेवताना विचारलं, "मी तुला खरंच बाई म्हणायचो?"

"शाळेत जायला लागलास तरी म्हणायचास."

"मग आई कधी म्हणायला लागलो?"

"आजी गेल्यावर."

त्याने आणखी एक पोळी घेतली.

३ नोव्हेंबर, सोमवार

नीलांबरीने नोकरी नाकारली. सकाळीच ईमेल पाठवला. माझा हात धरून म्हणाली, "तुमचं ऐकलं आणि माझं ठरलं. तुमच्यासारखा पश्चात्ताप मला नको."

झालं, माझ्या मनासारखं झालं. दुपारभर अनिकाला घेऊन बसले आणि चैन पडेना. पश्चात्ताप हा शब्द मी कधी उच्चारला होता? वाईट वाटायचं का, एवढंच तिने विचारलं. पुन्हा तीच वेळ आली तर काय कराल, हे विचारलंच नाही. बेचाळीस पोरं आणि मी, ती सकाळची वेळ मला आजही सगळ्यात प्रिय आहे. घरापेक्षाही. रोज वाईट वाटलं असतं आणि रोज मी गेले असते.

जेवणाच्या टेबलावर हे सगळं सांगितलं. सिद्धेशच्या समोर. मग म्हटलं, तिकीट पुढे ढकला, आणि तू त्या सेंटरला फोन लाव, आजची तारीख आहे अजून.

सिद्धेश अर्ध्या ताटावरून उठून वर गेला. नीलांबरी फोन लावते आहे.