घासून लख्ख

३ ऑक्टोबर
निर्णय झाला. गाडीचं इंजिन मी स्वतः बांधणार.

हिला नव्या हॉस्पिटलात सिस्टर इन-चार्जची जागा मिळाली आहे. इतकी वर्षं वाट बघत होती. एक नोव्हेंबरला हजर व्हायचं, ड्यूटी पहाटेची, हॉस्पिटल हायवेच्या पार टोकाला. त्या वेळेला तिकडे बस नाही. आणि आमच्या गाडीने नेमका आत्ताच धूर ओकायला घेतला आहे, चढावर आतून खडखडतेही. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, पण या वर्षात नंबर लागायचा नाही. मी म्हणालो, गॅरेज हवंय कुणाला? ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. अभिमान वाटला असावा.

शेजारच्या मावशी शिकवणार आहेत. यजमानांबरोबर आणि ते गेल्यावर एकटीने त्यांनी जन्मभर इंजिनं बांधली. गॅरेज विकलं, पण हत्यारं मागच्या शेडमध्ये आहेत. जीभही तिथेच परजून ठेवलेली असते.

संकल्प: रोज ऑफिसनंतर शेड. महिनाअखेर गाडी दारात.

५ ऑक्टोबर
बॉनेट उघडलं. आधी डिकी उघडली, मग पेट्रोलचं झाकण, मग बॉनेट. म्हणजे एका दिवसात तिन्ही कळा कळल्या. मावशींनी विचारलं, गाडी कोण चालवतं तुमच्याकडे? ही चालवते, असं सांगितलं. लायसन्स माझ्याकडेही आहे, हे सांगेपर्यंत त्या गाडीखाली शिरल्या होत्या.

८ ऑक्टोबर
काल रात्री इंजिन बाहेर! साखळीची कप्पी मी ओढली, बाकीचं मावशींनी केलं. सकाळी ऑफिसात सांगताना "आम्ही काढलं" म्हणत होतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचं "मी काढलं" झालं. बोलण्याच्या ओघात होतं असं.

११ ऑक्टोबर
पिस्टन काढले. पिस्टनला खाली एक दांडा असतो, कनेक्टिंग रॉड. दांड्याच्या खालच्या टोकाला अर्धगोल कॅप. दांडा आणि कॅप मिळून इंजिनातल्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकला, मिठी मारतात. असे चार. मावशी जोड्यांबद्दल पुष्कळ बोलल्या. मी मान डोलावत होतो, पण मनात उद्याचा विचार चालला होता, की शेडमध्ये फळ्या कुठे ठोकाव्यात. एकूण मुद्दा लक्षात आला: नीटनेटकेपणा.

त्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. नळांच्या फॅक्टरीत फिनिशिंग इन्स्पेक्टर आहे मी. सुईच्या टोकाएवढा खड्डा असला तरी नळ माझ्या टेबलावरून पुढे जात नाही. एकतर घासून लख्ख, नाहीतर बाद.

१४ ऑक्टोबर
मावशी चार दिवस लेकीकडे गेल्या. जाताना बजावलं, सगळं नुसतं रॉकेलमध्ये धुवायचं, पुसायचं, बाकी बोट लावायचं नाही. इतका अविश्वास बरा नव्हे. परत आल्यावर थक्क करून सोडायचं, असा निश्चय.

१५ ऑक्टोबर
थक्क होणार!

धुताना लक्षात आलं की रॉडवर आणि कॅपवर बारीक खड्डे आहेत. कुठे एक, कुठे दोन, कुठे चार. जुना माल, झालं असेल काहीतरी. आधी कानस, मग पॉलिश पेपर, शेवटी फॅक्टरीतली पेस्ट. आता आरसा म्हणून भांग पाडावा. कॅपा सगळ्या एका ओळीत मांडल्या, रॉड दुसऱ्या ओळीत. हिला दाखवायला बोलावलं. ती म्हणाली, छान दिसतंय, मावशींनी सांगितलं होतं का असं करायला? काही गोष्टी माणसाला उपजत कळतात, हे तिला कसं समजावणार.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ
मावशींचा फोन.

त्या म्हणाल्या, आल्यावर पहिल्यांदा रॉड जोडू, ठिपके बघून ठेव. मी विचारलं, कसले ठिपके? तर म्हणे, तू ऑफिसात होतास तेव्हा पंचने ठोकून ठेवलेत. पहिल्या रॉडवर एक आणि त्याच्या कॅपवर एक, दुसऱ्यावर दोन, असे. रॉड आणि कॅप एकत्र धरून भोक पाडलेलं असतं, म्हणून याची कॅप त्याला चालत नाही. "लग्न लागलेलं असतं त्यांचं," असे त्यांचे शब्द. जोडीदार बदलला की केसाएवढा फरक पडतो, तेल पोचत नाही, तापतं. गावात फिरलात तर कळणारही नाही. हायवेला वेग घेतला की एके दिवशी रॉड तुटतो आणि इंजिनची भिंत फोडून बाहेर येतो. त्यांच्या डोळ्यांदेखत एक गाडी अशी जागच्या जागी गरगरली होती. आतल्या माणसाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी म्हणालो, ठिपके आहेत ना, व्यवस्थित आहेत.

हे का म्हणालो कळत नाही. फोनवर आवाज नीट येत नव्हता, हेही एक कारण.

१८ ऑक्टोबर
भिंग घेऊन बसलो. एकही ठिपका नाही. माझं फिनिशिंग फारच चांगलं आहे.

मग एकेक कॅप एकेका रॉडवर लावून पाहिली. सगळ्या सगळ्यांना बसतात! म्हणजे इतकं काही नाही. जुन्या लोकांना प्रत्येक गोष्टीचं स्तोम माजवायची सवय असते. तरी तोंडावळा जुळवून चार जोड्या लावल्या. दोन तर नक्की बरोबर असतील. निदान एक.

संकल्प: मावशी आल्या की लगेच खरं सांगायचं. चहा झाला की.

१९ ऑक्टोबर
मावशी आल्या. चहा झाला. ही पण होती, म्हणून सांगितलं नाही. हिच्यासमोर मावशींनाच संकोच वाटला असता.

मावशींनी एक कॅप उचलली, उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला. मग दुसरी. मला म्हणाल्या, काही सांगायचंय का? मी म्हणालो, चहात साखर जरा जास्त झाली. त्यांनी कॅप खाली ठेवली आणि हात पुसले.

२३ ऑक्टोबर
मावशी सध्या मला बाहेरची कामं देतात. इंजिनच्या वरच्या झाकणाला रंग दे, नटबोल्ट धू. मी सकाळी जातो तेव्हा शेड बंद, येतो तेव्हाही. हिने सध्याच्या हॉस्पिटलातून दोन दिवस रजा घेतली, म्हणे कपाटं आवरायची आहेत. कपाटं आहेत तशीच दिसतात. मी बोललो नाही. घरात शांतता महत्त्वाची.

२५ ऑक्टोबर
आज ऑफिसातून आलो तर इंजिन खालून बंद केलेलं! क्रँक, रॉड, पिस्टन सगळं आत, तेलाचं तबक बसवलेलं, बोल्ट आवळलेले.

म्हणजे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सुटलो.

रात्रीचं जेवण गेलं नाही. आता त्या जोड्या आत आहेत आणि कुणाला दिसणार नाहीत.

२७ ऑक्टोबर
इंजिन गाडीत बसलं. मी साखळी धरली होती. हात थरथरत होते, साखळी जड असते.

ही किल्ली घेऊन बसली. पहिल्याच फेरीत सुरू! धूर नाही, खडखड नाही. मावशी डोळे मिटून ऐकत उभ्या होत्या. मीही मिटले. मला टकटक ऐकू येत होती. मावशींना विचारलं, काही आवाज येतोय का? त्या म्हणाल्या, तुला येतोय का? नाही म्हणालो. नंतर लक्षात आलं, गाडी बंद केल्यावरही टकटक येतच होती. ती माझ्या छातीत होती.

२९ ऑक्टोबर
ही रोज संध्याकाळी गाडी फिरवून आणते, गावातल्या गावात, हळू. गावात कळणारही नाही, असं मावशी म्हणालेल्या. परत येईपर्यंत मी गॅलरीत उभा. शेजारच्यांना वाटलं, मी हवा खातो आहे.

आज जेवताना हिला सुचवलं की नोकरी जवळच बरी. ती म्हणाली, बरं. मग म्हटलं, पहिला महिना कुणाबरोबर तरी जा. बरं. मग म्हटलं, गाडी तशी नवीनच बांधलेली आहे, अजून थोडी मुरू दे. तिने ताटातून मान वर केली आणि विचारलं, इंजिन तुम्ही बांधलंय ना, मग भीती कसली? तिच्या पानात मीच आणखी भात वाढला. ती नको म्हणत होती.

३० ऑक्टोबर
सांगायचं ठरवलं होतं. ही गणवेशाला इस्त्री करत होती, गुणगुणत होती. इतकी खूश तिला कित्येक दिवसांत पाहिली नाही. अशा वेळी कुणी सांगतं का? उद्या.

३१ ऑक्टोबर
मावशींकडे गेलो. दारातच त्यांनी विचारलं, काही सांगायचंय? मी म्हणालो, पाना परत करायला आलो. कुठला पाना? हातात पाना नव्हता. त्यांनी दार लावलं नाही, उघडं धरून उभ्या राहिल्या. मीच निघून आलो.

योजना तयार आहे. गाडीची किल्ली साखरेच्या डब्यात, तळाशी. किल्ली सापडली नाही की ही टॅक्सी करेल. कुणाला काही कळणार नाही, कुणाला काही होणार नाही. शेवटी डोकंच उपयोगी पडतं.

१ नोव्हेंबर, पहाट, ही निघाल्यावर
लिहून टाकतो.

ही तयार होऊन आली. खिळ्यावर किल्ली नाही. शोधू लागली. मी पण शोधत होतो, गादीखाली, चपलांच्या मागे. तिने घड्याळ बघितलं. मी म्हणालो, टॅक्सी बोलावतो. ती म्हणाली, पहिला दिवस आहे, टॅक्सी येईपर्यंत थांबून कसं चालेल. मग पर्समधून दुसरी किल्ली काढली. दुसरी किल्ली असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती जिना उतरली. मी अनवाणी मागे. ती गाडीत बसली, किल्ली फिरवली. मी बॉनेटसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं बोललो. ठिपके, कानस, पेस्ट, जोड्या, फोनवर काय बोललो ते, सगळं. हायवेला जाऊ नकोस म्हणालो. पाय थरथरत होते, आणि या वेळी साखळीबिखळी काही नव्हती.

हिने इंजिन बंद केलं. काच खाली घेतली.

"मला माहीत आहे. मावशींनी आल्या दिवशीच ओळखलं. रजा घेऊन मी आणि त्यांनी रॉड आणि कॅपा मशीनवर नेल्या, एकत्र धरून भोकं नवी पाडून घेतली. इंजिन मावशींनी आणि मी बांधलंय."

मी विचारलं, मग मला इतके दिवस सांगितलं का नाही?

"हायवेला जायला मी गाडीत बसायच्या आत तुम्ही सांगता का, ते बघायचं होतं."

मी म्हणालो, सांगितलं ना.

ती म्हणाली, मी बसले होते.

मग मला समोरून बाजूला व्हायला सांगितलं. मी झालो. गाडी गेली. आवाज काय सुरेख होता.

१ नोव्हेंबर, संध्याकाळ
ही वेळेवर पोचली, निरोप आला. मला नाही, मावशींना.

एक मात्र शिकलो. प्रत्येक खड्डा हा दोष नसतो, त्यामागे कुणाचा तरी हेतू असू शकतो. आज फॅक्टरीत एका नळावर बारीक ठिपका दिसला. पूर्वीचा मी असतो तर घासला असता. मी त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि पास केला.

दुपारी फोरमन तो नळ घेऊन परत आला. म्हणाला, साहेब, हा खड्डाच आहे, पाणी गळतंय.