नाक चोंदलं होतं, एवढंच

प्रिय आई,
तुला वाकून नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "रडतेस का गं?" आणि मी घाईने फोन ठेवला. अगं, नाक चोंदलं होतं! लाँड्रीतल्या इस्त्रीच्या खोलीत दिवसभर कोरडी, गरम हवा. नाकात खपल्या धरल्या. रक्त आलं, तेव्हा मात्र घाबरले.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तपासून मिठाच्या पाण्याचा स्प्रे दिला. म्हणाल्या, "घाबरतेस काय, नुसतं मिठाचं पाणी आहे. मान जरा पुढे झुकव आणि मार." आता श्वास मोकळा आहे, झोपही लागते.

बाबांचा गुडघा कसा आहे? धाकटी ऐकते ना तुझं?

खरं सांगू? नाक मोकळं झालं, तरी तुझा आवाज ऐकला की रडू येतंच. म्हणून फोन न करता पत्र लिहिलं.

तुझीच,
थोरली