मी हाय की

अण्णा, तुम्ही कितीही हसून बोललात तरी ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी पटत नाही. चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता, कमी आली म्हणून पैंजण घेऊन तो व्यापारी हुपरीत आपल्या दारात आला होता, चांगलाच तापून. तुम्ही "या पावणं, आधी बसा तरी" म्हणत त्याच्या खांद्यावर हात ठेवलात, चहा पाजलात. जाताना तो नवी ऑर्डर देऊन गेला. कमी भरलेली चांदी कमीच राहिली. मी विचारलं, तर आपल्या कारखान्यातल्या सगळ्या कारागिरांसमोर म्हणालात, "लई शाना झालास व्हय रं? शाळा सोडून हितं बसलायस, आता मालकाची परीक्षा घे." सगळे हसले. मीही हसलो, तेच जास्त लागलं.

काम नसायचं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायचात, "मी हाय की." तेवढ्यावर माणसं थांबायची. आपल्याकडं झाळकाम, म्हणजे चांदीचे सांधे जोडायचं काम, करणारे मामा कुरुंदवाडचं बरं काम नाकारून थांबले. त्यांच्या बायकोच्या ऑपरेशनला तुम्ही दवाखान्यात बसून होतात, हेही खरं. पण ते मायेनं, की चांगला कारागीर हातचा जाऊ नये म्हणून? तुम्ही गेलात, कारखाना बंद पडला, आणि मामा त्या वयात दुसऱ्यांच्या दारात काम मागत फिरले. तरी तुमचं नाव निघालं की डोळे पुसतात. त्याचीच मला भीती वाटते.

इथं राजकोटला चांदीच्या कारखान्यातला माझा शेठ तसाच आहे. पगाराचं विचारलं की खांद्यावर हात, "आपण सगळे एकाच घरचे." त्याला आपल्याकडचा माणूस हवा होता, म्हणून काकूच्या थोरल्यासाठी मी फोन केला. काकू म्हणते, "लांब हाय रं. डेअरीत बरं चाललंय की त्याचं." आणि माझ्या तोंडून निघालं, "काकू, मी हाय की." अगदी तुमच्या आवाजात. "अगं बाई, बापावरच गेलास," म्हणाली, आणि तयार झाली. तुमच्यावर एवढा संशय घेऊनही तेव्हा मला बरं वाटलं. हे कुणालाच सांगितलेलं नाही. हा कागद पोस्टात टाकायचाच नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

काल शेठनं त्याच्यासाठी ठरलेला पगार कमी केला, तोही हसत. मी त्या चुलत भावाला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. तो ओरडला, "लेका, तुझ्या शब्दावर नोकरी सोडली की मी!" डेअरीनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलाय. मी गोड काही बोललो नाही. मामांसाठी तुम्ही काही केलं असतंत का, अण्णा? आणि मी करतोय तेही चांगलं दिसावं म्हणूनच का? मला खरंच कळत नाही. भावाचा डेअरीतला महिन्याचा पगार होता तेवढे, बारा हजार, आज त्याला पाठवतोय.